कसानी मुंगी?

मे महिन्यातली जळगावची दुपार, काही बोलायचं कामच नाही. आमरस ओरपून कूलरसमोर आडवा झालो होतो आणि शेजारी टीव्हीवर शोले लागलेला. भिंतीपलीकडून नुसता आवाज, तोही कूलरच्या घरघरीत अर्धा गेलेला, तरी मला सगळं दिसत होतं. खरं सांगू का, मला शोले असाच आवडतो. समोर टीव्ही असला की मजा जाते.

कारण पहिल्यांदा मी तो ऐकलाच. सारंगखेड्याच्या यात्रेत. मामाचं गाव तिथून जवळ, दत्तजयंतीला आम्ही सगळी पोरं बैलगाडीत कोंबून तापीकाठी. तंबू टॉकीजच्या तिकिटाचे पैसे गोडीशेवमध्ये आधीच उडालेले असायचे, मग कनातीला पाठ लावून, गोधडी डोक्यावरून घेऊन बसायचं, आत पिक्चर आणि बाहेर डिसेंबरची थंडी. सोबत मामाचा थोरला, त्याला आम्ही नाना म्हणायचो. नानाने पिक्चर पाहिलेला, त्यामुळे आत आवाज बदलला की तो सांगणार, "आते दख, घोडा ई ऱ्हायना." मध्येच रीळ बदलायला पिक्चर थांबायचा तेव्हा तर नाना सुटायचाच, दुसरं रीळ लागेपर्यंत त्याने दोन डाकू जास्तीचे मारलेले असायचे.

इमामसाहेबांचा पोरगा मरतो तो सीन मला अजून पाठ आहे. नानाने तलवार सांगितली, रक्त सांगितलं, पोराचा पांढरा शर्ट सांगितला. आणि प्रेत घेऊन घोडा गावात येतो तेव्हा अगदी आमच्या कानाशी घोडा खिंकाळला. खरा घोडा! सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो हे काय सांगायला पाहिजे, तंबूमागेच लाइनीने बांधलेले होते. पण तेव्हा मला तो पिक्चरमधलाच वाटला. लिदीचा वाससुद्धा पिक्चरचाच.

पुढे कधीतरी टीव्हीवर बघितला आणि तो सीन आला तर काय, गब्बरच्या हातावर एक मुंगी, तो तिला चिरडतो आणि पुढच्या क्षणी घोडा प्रेत घेऊन गावात. संपलं. ना तलवार, ना रक्त. मुंगीला आवाज नसतो त्यामुळे ती कनातीबाहेर आलीच नव्हती. घोडाही कसा लांबचा, बिनवासाचा. मी वडिलांना म्हटलं, बघा, मारताना दाखवलंच नाही. तर ते भडकलेच, म्हणे मी थेटरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, चांगलं मारताना दाखवलंय. आता तिकीट काढून आत बसलेल्या माणसाशी आपण काय वाद घालणार.

मालेगाववाल्यांनी त्यांचा स्वतःचा शोले काढला त्यात तर डाकू सायकलींवर आहेत. आधी हसू येतं, मग थोड्या वेळाने सायकल दिसायची बंदच होते, निदान मला तरी. घोड्यांची सवय असेल म्हणा.

तर आज भिंतीपलीकडे तोच सीन जवळ यायला लागला आणि मला काय सुचलं कोण जाणे, नानाला फोन लावला. तो आता सुरतला असतो. ऊन किती, पोरांचं काय, सगळं झाल्यावर विचारलं, नाना, त्या रात्री तू मला मुंगी का नाही सांगितली?

"कसानी मुंगी?"

अरे शोलेतली, गब्बरच्या हातावरची. तिकडे जरा वेळ काहीच नाही. मग खो खो हसायला लागला.

"भो, मी तरी कोठे देखेल व्हता? मना बी पैसा सरी जायेल व्हतात."

म्हणजे तो पांढरा शर्ट, असं मी म्हणतोय तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद, शेजारचा टीव्ही बंद. घोडा तिकडेच कुठेतरी वाटेत.