भोक राखणारा देव

टोकियोच्या हानेदा विमानतळावर पुढच्या विमानाला सात तास होते. लाउंजमध्ये लोळण्याऐवजी केईक्यू या रेल्वे कंपनीची लोकल पकडली आणि दुसऱ्याच स्टेशनावर उतरलो: अनामोरी-इनारी. स्टेशनाबाहेर कोल्ह्याची मूर्ती बसलेली. लोक तिला ऋतूप्रमाणे कपडे घालतात म्हणे.

इनारी म्हणजे भाताचा देव, पुढे व्यापाऱ्यांनीही आपलासा केलेला. कोल्हे त्याचे दूत. पण मला खेचून आणलं ते नावाने. ‘अना’ म्हणजे भोक, ‘मोरी’ म्हणजे राखण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे खाडीकाठची जमीन बांध घालून शेतीखाली आणली होती. लाटांनी बांधाला भोक पडलं की खारं पाणी भातात शिरायचं. मग शेतकऱ्यांनी बांधावरच इनारीची स्थापना केली.

आम्ही पेणच्या खारेपाटातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरचे. उधाणाच्या रात्री बत्ती घेऊन बांधावर जाणारे आजोबा मी पाहिलेत. चिंबोरीने पाडलेलं बोटभर भोक सकाळपर्यंत केवढी खांड होते, हे मला कुणी समजावायला नको. भोकाचाच देव करणारी माणसं लगेच ओळखीची वाटली.

देऊळ लहानसं, चहूबाजूंनी घरं. लाल कमानींच्या बोगद्यातून वाकून गेलो. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. माझी एक टाळी जास्तच झाली. आतल्या देवळाशी वाळू ठेवलेली असते. ती चिमूटभर नेऊन घरात, दुकानात टाकली की भरभराट होते अशी श्रद्धा.

मूळ जागा मात्र ही नव्हे. ती आता विमानतळाच्या हद्दीत आहे. सप्टेंबर 1945 मध्ये अमेरिकी सैन्याने धावपट्टीसाठी गाव रिकामं करायला लावलं, मुदत 48 तासांची. देव इकडे आला. मोठी लाल कमान तिथेच राहिली, ती 1999 मध्ये नदीकाठी हलवली. वेळ होता म्हणून तिथवरही चालत गेलो. तिच्यावरच्या पाटीवर ‘शांतता’ असं लिहिलंय आणि डोक्यावरून विमानं घोंघावत जातात.

वाळूची पुडी घरी आणली. काकांना म्हटलं, आपल्या बांधावर टाका.

काकांनी पुडी उघडून बोटाने चाळली. “खाडीची दिसते रे,” म्हणाले. “आधी बांधातलं पाणी सोडायच्या उघाडीची फळी बदलायची आहे, ती धर.”