तुम्ही विचारलंत म्हणून : सर्वांत घातक उघडी खाण कोणती?

कोळसा, तांबे, लोखंड आणि चुनखडी यांपैकी कोणाची उघडी खाण पर्यावरणाला सर्वांत घातक, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक चर्चेत विचारला जातो. उत्तर एका शब्दात हवे असते, आणि ते दिले नाही की मी खाणवाल्यांची बाजू सांभाळते असे समजले जाते. हा आरोप मला लागतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पूर्वी मी याच क्रमाने उतरंड सांगत असे आणि तिला आधारही होता. कोळसा जाळण्यासाठीच काढला जातो. तांब्याच्या खनिजात धातू पुष्कळदा अर्धा टक्काच असतो, त्यामुळे एक टन तांब्यासाठी सुमारे २०० टन खनिज दळावे लागते आणि त्यातले जवळपास सगळे गाळ होऊन मागे उरते. चुनखडी तर उलट आम्ल शमवते. यातले काहीही मी मागे घेत नाही. मात्र ही उतरंड चालू खाणीची आहे, आणि खाण बंद झाल्यावरचा हिशेब तिच्यात बसत नाही.

अमेरिकेतील मोंटाना राज्यात ब्यूट येथे बर्कली पिट ही तांब्याची उघडी खाण १९५५ ते १९८२ या काळात चालली. १९८२ मध्ये लगतच्या भूमिगत खाणींतील पाणी उपसणारे पंप बंद करण्यात आले आणि जुन्या बोगद्यांतून चढत आलेले पाणी त्या खड्ड्यात साचू लागले. खडकातील पायराइटला, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या खनिजाला, हवा आणि पाणी मिळाले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते, आणि ते आम्ल खडकातील तांबे, जस्त, आर्सेनिक विरघळवून पाण्यात आणते. १९९५ मध्ये स्नो गूज जातीच्या स्थलांतरित हंसांचा थवा त्या तळ्यावर उतरला आणि ३०० हून अधिक पक्षी मेले. पुढे पक्षी हुसकावण्याची व्यवस्था असतानाही २०१६ मध्ये हजारो मेले. ऐकणारे बहुधा या पक्ष्यांपाशी थांबतात. मला अधिक अस्वस्थ करतात ते पंप. दूषित पाण्याची पातळी वाढून ते भोवतालच्या भूजलात शिरू नये, यासाठी आता ते उपसून शुद्ध करत राहावे लागते, आणि या कामाला शेवटची तारीख नाही.

मग तांबेच सर्वांत वाईट म्हणा, असा आग्रह होतो. पण लोहखनिज रासायनिकदृष्ट्या बरेच सौम्य असूनही ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसे गेली. तिथे घात खनिजाने नव्हे, ओला गाळ साठवण्याच्या पद्धतीने केला. ‘निरुपद्रवी’ चुनखडी सिमेंटसाठी भाजली की एका शुद्ध टनामागे सुमारे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; तो खाणीच्या खात्यात लिहायचा की भट्टीच्या, यावर मी स्वतःशीच अजून वाद घालते.

म्हणून मी उलट विचारते: खडकात गंधक किती आहे, गाळ कुठे आणि कसा साठवणार, आणि खाण बंद झाल्यावर पंपाचे पैसे कोण भरणार? ही टाळाटाळ नाही. परवानगी देण्याआधी याची उत्तरे मिळू शकतात. कोळशाचे पहिले स्थान मात्र हलवावे असे मला अजूनही वाटत नाही, आणि कोळसा सोडायचा तर विजेच्या तारांसाठी आणखी तांबे काढावे लागेल, हेही मला नाकारता येत नाही.