फिट्झरॉयचे जुने खेळाडू

आजचा अख्खा दिवस मेलबर्नच्या फिट्झरॉय या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या जुन्या खेळाडूंच्या यादीत गेला. अशी यादी करताना नाव, पदार्पणाचं वर्ष, सामने, गोल हे रकाने पुरतील असं वाटतं. पुरत नाहीत.

केविन मरेच घ्या. 1955 ते 1974 असं सरळ लिहिलं की फसलात. 1965 आणि 66 मध्ये तो पर्थला ईस्ट पर्थ क्लबकडून खेळला, ते सामने फिट्झरॉयच्या 333 सामन्यांमध्ये धरायचे नाहीत. डग निकोल्सचे 54 सामने 1932 ते 37 मधले. त्याआधी नॉर्थकोटकडून खेळलेले वेगळ्या स्पर्धेतले. (पुढे हाच माणूस साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला, पण त्याला रकाना कुठून आणायचा?) हेडन बंटनची ब्राउनलो पदकं (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मात्र निर्विवाद: 1931, 1932, 1935.

जुना धावफलक वाचताना गोल सहा गुणांचा, बिहाइंड (चेंडू गोलच्या बाजूच्या खांबांमधून गेला तर) एकाचा. 1944 ची फायनल 9.12 (नऊ गोल, बारा बिहाइंड) विरुद्ध 7.9, म्हणजे 66–51, रिचमंड पराभूत. बेरीज जुळली नाही तर छपाईची चूक समजा.

1916 चं विजेतेपद बघून कुणीही चक्रावेल. युद्धामुळे चारच संघ, फिट्झरॉय गुणतक्त्यात तळाला, तरी चारही संघ बाद फेरीत आणि कप यांचाच!

1996 नंतर ब्रिस्बेनच्या क्लबशी विलीनीकरण झालं. दोन्हीकडे खेळलेल्या क्रिस जॉन्सनसारख्यांचे सामने दोन ओळींत तोडूनच लिहावेत. एकत्र बेरीज केली की दोन्ही क्लबांचे चाहते भांडायला हजर.