आमची वाटचाल : एक बॅरल ते चार लाइन, आणि एक लाल शिक्का

रबाळे एमआयडीसीत आमची झिंक प्लेटिंगची (लोखंडी मालावर जस्ताचा थर चढवायची) शेड एका बॅरलवर, म्हणजे माल घालून फिरवायच्या एका पिंपावर, सुरू झाली, आज चार लाइन आहेत. मधली वर्षं कामाची होती, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते त्या पत्राचं.

परवान्याच्या नूतनीकरणात एका कार्यालयाने पत्र पाठवून रसायनांचा तपशील मागितला. मागितली होती नावं आणि महिन्याचा वापर. आम्ही ब्राइटनरचा (थराला चकाकी आणणाऱ्या रसायनाचा) फॉर्म्युलाच, लिटरला किती ग्रॅम यासकट, बाकीच्या कागदांत टाचून दिला. २६७ मिलीच्या हल सेलमध्ये (प्लेटिंगची चाचणी घ्यायच्या छोट्या भांड्यात), १ अँपिअरवर १०-१० मिनिटं पट्ट्या काढून तो बसवलेला. एका टोकाचं जळणं आणि दुसऱ्या टोकाचा फिकेपणा जाईपर्यंत महिने गेले होते. शेजारच्या गल्लीतल्या स्पर्धकाने माहिती अधिकारात ती फाइल मागितली आणि त्याला मिळाली. दोन मोठी जॉबवर्कं गेली, शेड बंद पडायची वेळ आली. वागळे इस्टेटचे बोल्टवाले शेठ तेवढे रोज दोन ड्रम माल प्लेटिंगला पाठवत राहिले, म्हणून रेक्टिफायर (प्लेटिंगला वीज पुरवणारं यंत्र) चालू राहिला. तो राग अजून गेलेला नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ११ नुसार, आपण गोपनीय म्हणून दिलेली माहिती कुणी मागितली तर अधिकाऱ्याने ५ दिवसांत आपल्याला नोटीस द्यायची असते आणि आपल्याला हरकतीला १० दिवस मिळतात. आमच्या पानावर 'गोपनीय' हा शब्दच नव्हता. नोटीस आली नाही.

म्हणून धंद्यातल्या सगळ्यांना सांगतो. पत्र आलं की आधी कलम, कालावधी आणि सही बघा. जीएसटीचं असेल तर डीआयएन किंवा आरएफएन (पत्रावरचा ओळख क्रमांक) संकेतस्थळावर टाकून खरं आहे का ते तपासा. वेळ हवी असेल तर मुदतीच्या आत लेखी मागा, फोनवरचं बोलणं कामाला येत नाही. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) अख्खा बॅकअप पेन ड्राइव्हवर देऊ नका, त्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे दर जातात. मागितलेल्या तारखांचंच लेजर काढा. पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका, झेरॉक्सवर सही. फॉर्म्युला मागितलाच असेल तर तो वेगळ्या सीलबंद पाकिटात, प्रत्येक पानावर 'गोपनीय – व्यापारी गुपित' असा लाल शिक्का मारून, आणि सोबतच्या पत्रात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) चा (व्यापारी गुपितं उघड करण्यातून सूट) उल्लेख करून द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्याची पोच घ्या. मूळ वही आपणहून सोडू नका. जप्त झालीच तर आयएनएस-०२ (जीएसटीचा जप्तीचा आदेश) मधल्या यादीत पानांचा आकडा लिहून घ्या. आणि मागची नोंद सुधारायला जाऊ नका. शाईचा फरक लगेच दिसतो, मग खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पुढे पुन्हा कुणीतरी आमची फाइल मागितली. या वेळी नोटीस आली. शिक्क्याच्या पानांची आणि पोचेची झेरॉक्स जोडून आम्ही चौथ्या दिवशी हरकत दिली. फॉर्म्युल्याचं पाकीट उघडलं गेलं नाही.