काही नाही जी, मॅडम

१९ एप्रिल, रात्री साडेदहा

काकांचे ते शब्द कालपासून डोक्यातून जात नाहीत. काका म्हणजे जंगलातल्या कॅम्पवरचे आमचे हंगामी मजूर, आणि मी इकडे वणव्यांच्या कंट्रोल रूममध्ये. "काही नाही जी, मॅडम. वीटभट्टी होय." बस, एवढंच बोलले आणि पाणी प्यायला लागले. फोनवर घोट ऐकू येत होते. मी "बरं काका" म्हटलं, फोन ठेवला आणि तक्त्यात "आग आढळली नाही" असं भरलं. त्यानंतर मात्र दुसरं काही भरता येईना.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. गार्डभाऊ चिडतात, मी ऐकून घेते आणि विषय संपतो. काका चिडत नाहीत.

काल पडद्यावर तीन ठिपके आले, म्हणजे उपग्रहाला वरून जिथे उष्णता दिसली त्या जागा. दुपारी दीडच्या सुमाराला उपग्रह वरून जातो, त्याची माहिती डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून छाटून-जुळवून आमच्यापर्यंत पोहोचेतो उन्हं कलायला लागलेली असतात. दोन ठिपके सागाच्या चढावर एकमेकांना लागून होते, म्हणजे शंकेला जागाच नाही. एप्रिलात सागाखाली पोटरीभर पाला असतो आणि चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. दोन्ही टोळ्या, पाला उडवायचे दोन्ही ब्लोअर, गाडी, सगळं तिकडे लावलं. तिसरा ठिपका नाल्यापलीकडे एकटाच होता. साहेबांनी विचारलं, "याचं काय करायचं?" मी म्हटलं, "काकांना पाठवू या, तेच जवळ आहेत."

जवळ. माझ्या नकाशावर दोन बोटांचं अंतर. काकांना नाला वळसा घालून, टेकडी उतरून जावं लागलं. जायचे ६ किलोमीटर, यायचे ६, आणि पारा ४३ वर. त्यात चाळीस मिनिटं त्यांचा फोन लागत नव्हता. त्या चाळीस मिनिटांत माझं काय झालं ते मी कोणाला सांगितलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, नागझिऱ्यात, आग विझवताना तीन हंगामी मजूर गेले. तेव्हा मी या कामात नव्हते, बातमी वाचली आणि पान उलटलं. आता दर एप्रिलला ती बातमी पुन्हा वाचल्यासारखी होते. एकट्या माणसाला ठिपक्याकडे पाठवणं म्हणजे काय, हे खुर्चीवर बसल्या बसल्या कळतं ते फोन न लागण्याच्या वेळात.

आणि शेवटी वीटभट्टी! कोणीतरी यंदा जंगलाच्या कडेच्या शेतात नवीन लावलेली.

आठवड्यात ही दुसरी खेप. मंगळवारी त्यांना असंच पाठवलं, तर कोणीतरी शेताचा धुरा, म्हणजे बांध, जाळला होता. तेव्हाही "काही नाही जी, मॅडम".

ताई जेवताना म्हणाली होती, "तुझं बरं आहे, कूलरखाली बसून वणवा विझवतेस." तेव्हा हसण्यावारी नेलं. काल रात्री तेच आठवून रडू आलं. खरंच, मी काय करते? मेसेज वाचते, अक्षांश-रेखांश टाकते, जंगलाचा कोणता कक्ष क्रमांक, कोणत्या गार्डचं बीट ते बघते, कोण कुठे आहे ते विचारते, एकाला इकडून उचलते, दुसऱ्याला तिकडे लावते. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत हेच. सुट्टी नाही, आईचा फोन उचलायला वेळ नाही (त्याचं वेगळंच आहे, आज नको). ज्या दिवशी जंगल जळतं त्या दिवशी सगळे विचारतात, कंट्रोल रूम झोपली होती का? ज्या दिवशी जळत नाही त्या दिवशी कोणी काही विचारत नाही. जूननंतर कंत्राटाचं काय, तेही माहीत नाही. असं सगळं स्वतःविषयीच मनात आलं. मग लक्षात आलं की काकांच्या १२ किलोमीटरसाठी तक्त्यात रकानाच नाही. कारण लिहायला आहे, क्षेत्र लिहायला आहे, विझवल्याची वेळ लिहायला आहे. एक माणूस एवढ्या उन्हात जाऊन "आग नाही" एवढं बघून आला, हे लिहायला जागा नाही.

"काही नाही" हे ते भट्टीबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल? रात्रभर मी यालाच धरून बसले होते. एकदा वाटायचं, सहज बोलले असतील, त्यांची बोलायची रीतच ती. एकदा वाटायचं, नाही, मला वाईट वाटू नये म्हणून बोलले. आणि हे दुसरं जास्त लागत होतं.

आज दुपारी ते हजेरीच्या कामाने ऑफिसात आले. चपला दाराबाहेर काढल्या. मी पाणी द्यायला उठले तेव्हा दिसल्या. डाव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला आणि टाचेकडची कड वितळून आत वळलेली, मेणबत्तीसारखी. ती भट्टीवरची नसणार, गेल्या आठवड्यात मोहाखालचा पाला पेटला होता तेव्हाची असेल. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली काडी लावतात, आणि ती आग तिथे थांबत नाही. ती त्यांनी एकट्याने डहाळ्यांनी झोडपून विझवली होती. माझ्या पडद्यावर तो ठिपका आलाच नाही. उपग्रह येण्याच्या आत आग विझली.

मी म्हटलं, "काका, काल उगाच त्रास झाला तुम्हाला."

त्यांनी उत्तर दिलं नाही. पडद्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत येऊन बघत होते बहुतेक.

"यात माझा कॅम्प कोणता जी?"

मी दाखवला.

"एवढासा?" मग नाला ओळखला, टेकडी ओळखली, आणि भट्टी जिथे आहे तिथे बरोबर बोट ठेवलं. म्हणाले, "इथं खूण करून ठेवा. पाऊस येतवर जळते ते. रोज येईन तुमचा ठिपका."

मी लगेच खूण केली. ते गेल्यावर मी बाकीच्या बीटांवर फोन करत बसले, कुठे कुठे भट्ट्या आहेत, कोणाच्या शेतात काय जळतं. संध्याकाळपर्यंत सात खुणा झाल्या. इतकं हलकं वाटलं! हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, एवढी एकच बोच होती.

दिवे लावायच्या वेळी ती खूण पुन्हा बघितली आणि पोटात गोळा आला. आमच्याकडचा ठिपका म्हणजे एक बिंदू नसतो, तो ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो. म्हणजे जवळपास ३५ एकर. त्या ३५ एकरांत भट्टी आहे आणि तिला लागून जंगलही आहे. उद्या तिथे खरोखर पाला पेटला, तर माझ्याकडे ठिपका येईल, मी म्हणेन "भट्टी", आणि पुढे सरकेन. काकांचे पाय वाचवण्यासाठी मी तेवढं जंगल डोळ्यांआड केलं. खूण ठेवली तरी चूक, काढली तरी पुन्हा तेच १२ किलोमीटर.

साहेबांना विचारणार होते, पण ते अजून चढावरच्या आगीचा पंचनामा करत होते. शेवटी काकांनाच फोन लावला. जसं सुचलं तसं सांगितलं, चौकोन, ३५ एकर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, धूर वेगळा असते ना."

पाल्याचा धूर पांढरट असतो आणि रुंद पसरतो, आणि आगीची ओळ जशी सरकते तसा तोही सरकतो. भट्टीचा धूर एका जागेवरून उठतो, सकाळी असतो तिथेच संध्याकाळी. कॅम्पामागच्या टेकडीवर चढलं की दोन्ही दिसतात. दहा मिनिटांची चढण. "ठिपका आला की मले फोन करा. मी चढून बघतो. सरकला तर जातो, नाही तर नाही."

दहा मिनिटं! आणि मी त्यांना १२ किलोमीटर चालवलं, कारण जाण्याआधी त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्हाला तिथून काय दिसतं. मी फक्त सांगितलं, जा.

हे लिहिताना पुन्हा वाईट वाटतंय, पण कालच्यासारखं नाही. काल वाटत होतं की माझं कामच खोटं आहे. आता वाटतं की माझ्याकडे एक डोळा आहे, वरून बघणारा, दिवसातून ठरलेल्या वेळी उघडणारा. टेकडीवर दुसरा आहे. मी इथून उठून जंगलात गेले तर कोणाच्याच उपयोगाची नाही, झोडपायचं कसं तेही मला धड येत नाही. मग इथेच बसावं आणि नीट विचारून बसावं. खूण ठेवलीय. तिच्यासमोर लिहिलंय, "आधी टेकडीवरून विचारणे". बाकीच्या सहांसाठीही अशी उंचीची जागा कुठे आहे ते उद्या विचारायचं.

चपलांचं काय करायचं ते सुचत नाही. नवीन घेऊन दिल्या तर ते घेणार नाहीत. मागच्या हंगामाचे पैसेही अजून पूर्ण आलेले नाहीत त्यांचे, त्याबद्दल तर मी तोंडसुद्धा उघडू शकत नाही.

रात्री दीडला पुन्हा उपग्रह. भट्टीचा ठिपका येईल, अंधारात तर ठळकच येईल. रात्री काकांना टेकडी चढायला लावणार नाही, पण सकाळी सहाला फोन करीन. टेकडीवर रेंज येते का, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.