तुम्ही विचारलंत म्हणून: गाऱ्हाणं घालायच्या आधी काय लागतं?

‘तुम्ही घरचं गाऱ्हाणं घालता ना, मग आम्हालाही शिकवा. मंत्र कुठला? जप किती करायचा?’ असं मला नेहमी विचारतात. गाऱ्हाणं म्हणजे इथे तक्रार नव्हे, देवापुढे बोलून केलेली विनवणी. विचारणारे बहुतेक शहरात वाढलेले, पण गावाकडची ओढ असलेले. त्यांची ओढ खरी असते, म्हणून नीट लिहितो.

मंत्र असा नाहीच. सिंधुदुर्गात आमच्याकडे जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवाला, वर्षाची राखण, म्हणजे त्याचा मान, देताना घरातला कर्ता माणूस नारळ पुढे ठेवतो आणि रोजच्या मालवणीत बोलतो: ‘बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो नारळ तुझ्या नावान ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. लेकरांची काय चूकभूल झाली आसात तर पदरात घे, गुराढोरांक, पोराटोरांक सांभाळ.’ मागे उभी असलेली माणसं म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ एवढंच. पण बोलण्याला क्रम असतो. आधी ग्रामदेवता, मग वेशीवरचे, मग जागेवाला. कुणाची हद्द कुठल्या व्हाळापाशी (ओढ्यापाशी) संपते, कुठल्या झाडाखाली कुणाचं ठिकाण आहे, हे ज्याला माहीत नाही त्याच्या तोंडून ही नावं निघणार कशी? ती पाठ करून येत नाहीत. जाणत्या माणसाबरोबर बांधाबांधाने हिंडावं लागतं.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: म्हणजे झाडात, दगडात, सगळ्यातच जीव आहे असं मानायचं का? कॅनडातल्या ओजिब्वे लोकांमध्ये काम केलेल्या हॅलोवेल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याने एका वृद्धाला विचारलं, ‘आपल्या आजूबाजूचे हे सगळे दगड जिवंत आहेत का?’ म्हाताऱ्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, ‘नाही! पण काही आहेत.’ मला याहून नेमकं उत्तर माहीत नाही. आमच्याकडे आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. पण म्हणून काही शेतातल्या प्रत्येक वारुळापुढे कुणी दिवा लावत नाही. ज्याच्याशी गावाचा पिढ्यान्पिढ्या व्यवहार आहे, ज्याला विचारलं जातं आणि जो उत्तर देतो, तो देव. बाकीची माती ती माती. सरसकट सगळं चैतन्यमय म्हणणं सोपं असतं. त्यात कुणा एकाला बांधून घ्यावं लागत नाही.

आता खरी तयारी. आमच्याकडे देवाला विचारायचं ते कौल लावून. ओल्या पाषाणाला कळे किंवा पाकळ्या चिकटवतात आणि थांबतात. उजवीकडचा सुटला तर उजवा कौल, म्हणजे होकार. डावीकडचा सुटला तर नकार. ज्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं आहे, तो डावा कौल आला की पुन्हा लावा म्हणतो, मग प्रश्न फिरवून विचारतो. अशा माणसाला कुठलाही मंत्र शिकवून काय उपयोग! तो समोरच्याला कुणी मानतच नाही. समोर कुणीतरी आहे असं मानलं, की त्याला नाही म्हणायचा हक्क आपोआप येतो. तो मनापासून द्यायला शिकणं, हीच माझ्या मते सगळ्या साधनेची पहिली पायरी.

हे गावच्या गाव कसं पाळतं, ते मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दिसतं. रामेश्वराचा कौल झाला की दर तीन-चार वर्षांनी तिथे गावपळण होते. माणसं गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतात आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांमध्ये काढतात. गाव रिकामा. परतायचं तेही पुन्हा कौल घेऊनच. आपल्याच घरात शिरायला परवानगी मागायची, कारण घर आपलं असलं तरी जागा त्याची.

माझी स्वतःची तयारी साधी असते. आदल्या दिवशी मासळी बंद. तिन्हीसांजेला खळ्यात एकटं बसायचं आणि उद्या जे मागायचं ते स्वतःला मोठ्याने ऐकवायचं. भावकीत जमिनीवरून बोलाचाली चालू असेल, तर ‘माझं भलं कर’ या शब्दांच्या पोटात ‘त्याचं वाईट कर’ दडलेलं असतं. मोठ्याने म्हटलं की ते ऐकू येतं. ऐकू आलं की त्या दिवशी ते मागणं सोडून द्यायचं आणि फक्त नारळ ठेवायचा.

कुणाचं वाईट करून देतो म्हणून पैसे घेणारे, आजाऱ्याला डॉक्टरकडे जाऊ न देणारे, बाईला भुताळी ठरवणारे, यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आला ते योग्यच झालं, आणि देवस्की, म्हणजे देवाशी चालणारा हा व्यवहार, मानणाऱ्यांनी तर तो आधी उचलून धरायला हवा.

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी काय करावं? सोसायटीच्या मागे जुना वड असेल, बुजवलेली विहीर असेल, नाल्याकाठी शेंदूर लावलेला दगड असेल. तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारा, ते ठिकाण कुणाचं, पूर्वी तिथे काय ठेवत असत. पावसाळाभर तिथे जात राहा. भोवतालचा कचरा उचला. काही मागू नका. त्यानंतरही शिकावंसं वाटलं तर राखणीला आमच्या गावी या. नारळ तुम्ही सोला, मी गाऱ्हाणं घालतो, आणि मागे उभे राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणा.