घराचा नकाशा गोधडीत

जुन्या घराचा नकाशा भिंतीवर टांगायच्या गोधडीत उतरवायचा तर माप सोपं ठेवा: 1 फुटाला 1 इंच. 30 बाय 40 फुटांचं घर 30 बाय 40 इंचांत बसतं. कापड त्याच घरातलं असेल तर उत्तमच. सुती नऊवारी लुगडं बसण्याच्या जागी विरतं, काठ मात्र धडधाकट राहतात. म्हणून भिंतींना काठ, खोल्यांना पदर. विरलेला भाग फेकू नका, आतल्या थरात घाला. तो मऊपणा नव्या कापडाला येतच नाही. उंबऱ्यावर दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, नकाशा तिथून वाचला जातो.

सगळं कापड आधी गरम पाण्यातून काढा. नाहीतर पुढे पहिल्याच धुण्यात सुती आटतं, शेजारचं पॉलिएस्टर आटत नाही आणि शिवणीला चुण्या पडतात.

थर 3 पुरे. टाचण, म्हणजे थर धरून ठेवणारे कच्चे टाके, मधून कडेकडे, वीतभर अंतरावर. अंथरायची गोधडी कडेपासून आत शिवली तरी चालते. भिंतीवर मात्र मध्ये जमलेला झोळ लगेच दिसतो. मग पाव इंची धावदोरा, दोरा न ओढता. मागे वरच्या कडेला 4 इंची नेफा शिवून काठी घाला. कोपऱ्यांत खिळे ठोकले तर जुनं कापड तिथेच फाटतं.